रातकिडे गप्प झाले, की आपले कान?

(वडनेर, तालुका हिंगणघाट, जिल्हा वर्धा इथल्या महिला गटाने रेडिओवर केलेलं बोलणं)

 आम्ही वडनेरहून बोलतो आहोत.

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक उशिरा बसली. दिवसभर निंदण, मग घरची चूल, त्यामुळे सगळ्या जमेपर्यंत अंधार पडला होता. ओट्यावर बसून बचतीचा हिशेब चालला होता, तेवढ्यात लाईट गेली. वही मिटली आणि आम्ही सगळ्या गप्प बसून राहिलो. तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या आजी म्हणाल्या, "पहिले अंधार पडला की रातकिडे कसे बोलायचे. आता एक बोलत नाही. औषधं मारून मारून सारे मेले."

शेजारी बसलेली नवी सून म्हणाली, "आजी, आत्ता तर बोलून राहिले ना. केवढा कल्ला आहे!"

आम्ही कान दिला. खरंच, धुऱ्याकडून, गोठ्याकडून, ओट्याच्या सांदीतूनसुद्धा किर्र किर्र चालू होतं. आम्ही हसलो. आजी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मान वळवून इकडे ऐकलं, तिकडे ऐकलं आणि हळूच विचारलं, "खरंच बोलून राहिले का?"

मग आमचंही हसू थांबलं. रातकिडे गप्प झाले नव्हते. आजींच्या कानाला ते पोचत नव्हते. पण आजी म्हणाल्या ते सगळंच चूक आहे, असंही आम्हाला वाटेना. म्हणून ठरवलं, की पुढचं रेडिओवरचं बोलणं यावरच करायचं. रातकिडा बोलतो कसा, कुणासाठी बोलतो, आणि तो ऐकू येईनासा झाला तर आपण काय समजायचं?

सुरुवातीला एक काम करा. घरातली केसांची फणी घ्या आणि एक रिकामा स्टीलचा डबा घ्या. आधी नुसत्या फणीच्या दातांवरून नख हळू फिरवा. टक, टक, टक असा एकेक दात वेगळा ऐकू येतो. आता तेच नख झरकन फिरवा. दात वेगळे ऐकू येत नाहीत, सगळे मिळून एकच 'ट्रर्र' होतो. जितकं झपाट्याने फिरवाल तितका आवाज बारीक आणि उंच होतो. आता फणीची पाठ डब्याच्या बुडाला टेकवून पुन्हा नख फिरवा. आवाज एकदम मोठा झाला ना? फणी तीच, नखही तेच. फणीची थरथर डब्याच्या पातळ पत्र्यात गेली आणि पत्र्याने जास्त हवा हलवली, म्हणून आवाज वाढला.

रातकिड्याच्या अंगावर या तीनही वस्तू असतात. त्याला आपल्यासारखा गळा नाही आणि फुप्फुसंही नाहीत. तो श्वास घेतो तो अंगाच्या दोन्ही बाजूंच्या बारीक छिद्रांतून. त्यामुळे तोंडाने ओरडायचा प्रश्नच येत नाही. तो बोलतो पंखांनी.

आपल्या वावरात आणि घरात दिसणारा काळा रातकिडा आठवा. पंख जिथे सुरू होतात तिथे त्याला दोन पिवळसर ठिपके असतात. त्याच्या पाठीवर पंखांच्या दोन जोड्या असतात. वरची जोडी चामड्यासारखी जाडसर असते, आणि उजवा पंख डाव्या पंखावर झाकणासारखा बसलेला असतो. त्या उजव्या पंखाच्या खालच्या बाजूला एक जाड शीर आडवी जाते. तिच्यावर ओळीने दातरे असतात, साधारण दीडशे. ते इतके बारीक असतात की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. ही झाली फणी. डाव्या पंखाची आतली कड टणक असते, ते झालं नख. आणि पंखाचा जो भाग पातळ, काचेसारखा आरपार दिसणारा असतो, तो झाला डबा.

बोलायचं असलं की तो पंख थोडे वर उचलतो, बाजूला उघडतो आणि पुन्हा मिटतो. मिटताना कड दातऱ्यांवरून घासत जाते. एक दातरा ओलांडला की पंख एकदा थरथरतो. हा वेग एवढा असतो, की त्या हिशेबाने एका सेकंदात ४५०० ते ५००० दातरे ओलांडले जातील. म्हणून त्याचा आवाज एवढा बारीक आणि टोकदार लागतो. आपल्या बायकांच्या बोलण्याचा मूळ सूर सेकंदाला सुमारे २०० थरथरींचा असतो, यावरून रातकिड्याचा सूर किती उंच असेल ते समजा. आपल्याला एक 'क्री' ऐकू येतं, तेवढ्यात त्याने तीन-चार वेळा पंख मिटलेले असतात.

हे सगळं करतो तो नर. मादीच्या पंखांवर ही फणीच नसते, त्यामुळे ती असं बोलू शकत नाही. मादी ओळखायची कशी? तिच्या मागे सुईसारखी लांब नळी असते. ती पाहून लेकरं घाबरतात, "याची नांगी आहे" म्हणतात. ती नांगी नव्हे. ओल्या मातीत अंडी घालायची ती नळी आहे. रातकिड्याला विष नसतं.

नराचं बोलणंसुद्धा एकच नसतं. दुरून मादीला बोलवायचं असेल तर तो मोठ्याने, एका लयीत बोलतो. ती जवळ आली की आवाज बदलतो आणि नाजूक होतो. दुसरा नर बिळाशी आला तर भांडणाचा तिसराच आवाज काढतो. म्हणजे तीन कामांसाठी तीन बोल्या, आणि सगळ्या त्या दोन पंखांच्या.

आता मादी ऐकते कशाने? तिचे कान डोक्यावर नाहीत, पुढच्या दोन पायांवर आहेत, गुडघ्याच्या जरा खाली. दोन पायांवर दोन कान असल्यामुळे आवाज उजवीकडून येतो की डावीकडून, हे तिला कळतं. ती थोडं चालते, थांबते, वळते, पुन्हा चालते आणि अंधारात बरोबर नराच्या बिळाशी पोचते.

आपण जवळ गेलो की रातकिडा गप्प का होतो, हा प्रश्न आमच्या गटातल्या जवळजवळ सगळ्यांनी विचारला. त्याच्या शेपटीशी दोन बारीक शेंड्या असतात, त्यांच्यावर नाजूक केस असतात. हवा जराशी हलली तरी त्या केसांना कळतं. पावलांचा हादरा जमिनीतून येतो, तोही त्याला पायांतून जाणवतो. पाल, बेडूक, घुबड, सगळेच त्याला खाणारे, त्यामुळे हादरा आला की तो आधी आवाज बंद करतो. रात्री ओट्यापासचे रातकिडे एकाएकी थांबले, तर कुणी तरी त्या बाजूने चालत आलं असं समजायला हरकत नाही. मग ते मांजर असो की माणूस.

थंडी-उन्हाचाही त्याच्या बोलण्यावर परिणाम होतो. रातकिड्याचं अंग आपल्यासारखं आतून गरम राहत नाही. बाहेर जशी हवा, तसं त्याचं अंग. उकाड्याच्या रात्री तो भराभर बोलतो आणि पौषातल्या गारठ्यात अडखळत, थांबत थांबत बोलतो. अमेरिकेत आमोस डॉल्बेअर नावाच्या प्राध्यापकांनी १८९७ साली एक लेख लिहिला आणि रातकिड्याच्या आवाजाची मोजणी करून हवेचं तापमान काढायचा हिशेब मांडला. तो हिशेब तिकडच्या रातकिड्याचा आहे, आपल्याकडच्याला जसाच्या तसा लागू होणार नाही. पण गरम रात्री आणि थंड रात्री मिनिटभर मोजून पाहिलं, तर फरक तुम्हालाही सापडेल.

असं अंगाला अंग घासून आवाज काढणारे आणखीही आहेत. गवतातल्या नाकतोड्याच्या काही जाती मागच्या लांब पायाने बोलतात. मांडीच्या आतल्या बाजूला बारीक खुंट्यांची ओळ असते, ती पंखाच्या कडक शिरेवर घासायची. सारंगीवर गज फिरवावा तसं. त्याचे कान तर पोटाच्या बाजूंना, पंखाखाली झाकलेले असतात. टोळ हा नाकतोड्याच्याच घराण्यातला. मे २०२० मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यात आष्टीकडे टोळधाड आली होती, तेव्हा लोकांनी थाळ्या, डबे, ढोल वाजवून ती हाकलली. टोळांच्या पोटावर कान आहेत, हे त्या वेळी आम्हालाही माहीत नव्हतं.

पावसाळ्यात लाईटखाली येऊन आपटणारा मोठा काळा शिंगवाला भुंगा, ज्याला गेंडा भुंगा म्हणतात, तो चिमटीत धरला तर चीं चीं करतो. तो पोट पंखांच्या कडक झाकणांवर घासत असतो. अर्थ एवढाच, की सोड मला. काही जातींच्या मुंग्यासुद्धा कमरेपाशी असा घासून आवाज काढतात. दक्षिण अमेरिकेतल्या पानं कापणाऱ्या मुंग्या मातीखाली दबल्या की असा आवाज करतात, आणि तो हादरा ओळखून बाकीच्या मुंग्या तिथे उकरायला लागतात.

मात्र किड्यांचा प्रत्येक आवाज घासूनच होतो असं नाही. डास आणि मधमाशी यांची गुणगुण ही नुसत्या पंखांच्या फडफडीची. उन्हाळ्याच्या शेवटी सागाच्या रानात भर दुपारी कान किटवणारा सिकाडा काही घासत नाही. त्याच्या पोटाच्या बाजूंना पातळ पडदे असतात, ते तो आत-बाहेर करतो. डब्याचं झाकण दाबल्यावर टक वाजतं आणि सोडल्यावर पुन्हा टक वाजतं, तसं. फक्त त्याचं ते एका सेकंदात शेकडो वेळा होतं.

आणि ज्यांना आपण मुके समजतो, तेही सगळे मुके नाहीत. पऱ्हाटीवरच्या तुडतुड्यांचंच घ्या. तुडतुड्यांचे नर-मादी झाडाच्या दांड्यातून आणि पानातून थरथर पाठवून एकमेकांना शोधतात. ती हवेतून येत नाही, म्हणून आपल्या कानाला लागत नाही. आपण पऱ्हाटीत उभ्या असतो आणि पायापाशी एवढी बोलणी चाललेली असतात.

यात एक गोष्ट आम्हाला फार आवडली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक रोहिणी बालकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झुडपावर राहणाऱ्या एका लहान, फिकट रातकिड्याचा अभ्यास केला आहे. त्याच्या माद्या मोठ्या आवाजाच्या नराकडे जातात. मग ज्याचा आवाज मुळातच लहान, त्याने काय करायचं? तो पान कुरतडून त्याला मधोमध भोक पाडतो, त्या भोकात बसतो आणि पंख पानाच्या बरोबरीने पसरून बोलतो. एरवी पंखाच्या पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना मारतो. मध्ये पानाचा आडोसा आला की तसं होत नाही आणि आवाज दूरवर जातो. हे काम लहान चणीचे, हळू आवाजाचे नरच जास्त करतात, असं २०२० साली छापून आलं. आम्ही गटात म्हटलं, आपल्यासाठी हा रेडिओ म्हणजे ते पान आहे.

याच्या उलट गोष्ट हवाई बेटांवरची आहे. तिथल्या एका बेटावर रातकिड्याच्या आवाजावरून त्याला शोधणारी माशी आहे. ती त्याच्या अंगावर अळ्या सोडते आणि अळ्या त्याला आतून खातात. जो बोलेल तो मरेल, अशी वेळ आली. तिथे अशी एक जात वाढली जिच्या नरांच्या पंखांवर आवाज करणारी फणी जवळजवळ राहिलेलीच नाही. वीसपेक्षा कमी पिढ्यांमध्ये त्या बेटावरचे बहुतेक नर मुके झाले. ते पंख अजून हलवतात, पण आवाज निघत नाही. ही माहिती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली.

म्हणजे रातकिडे खरोखर गप्प होऊ शकतात. मग आपल्या आजींचं काय?

इथे रातकिड्याचा तो उंच सूर आठवा, सेकंदाला ४५०० ते ५००० थरथरींचा. आपल्या कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखी एक वळलेली नळी असते. तिच्यात बारीक केस असलेल्या पेशी ओळीने असतात. नळीच्या सुरुवातीच्या पेशी उंच, बारीक आवाज पकडतात आणि आतल्या टोकाच्या पेशी जाड, खालचे आवाज पकडतात. वय वाढतं तशा आधी उंच आवाजाच्या पेशी जातात. माणसात या पेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. म्हणून म्हातारपणी बैलाचं हंबरणं ऐकू येतं, ट्रॅक्टर ऐकू येतो, पण रातकिडा ऐकू येत नाही.

वयाशिवाय दुसरं मोठं कारण आहे गोंगाट. मोठ्या आवाजाने कान खराब व्हायला लागतो, तेव्हा पहिला खड्डा पडतो तो साधारण ४००० थरथरींच्या आसपास. म्हणजे रातकिड्याच्या सुराच्या अगदी शेजारी! आपला हा भाग कापसाचा. हिंगणघाटकडे जिनिंग आहेत, तिथे कितीतरी बाया हंगामभर मशीनजवळ काम करतात. सोयाबीन काढताना थ्रेशरपाशी आपणच उभ्या असतो. लग्नात, मिरवणुकीत डीजेसमोर लेकरं कडेवर घेऊन उभ्या असतो, तीही आपणच. यंत्र बंद झाल्यावर कानात शिट्टी वाजत राहते आणि सकाळपर्यंत थांबते. ती थांबली म्हणून काही झालं नाही असं समजू नका. असं वर्षानुवर्षं झालं की चाळिशीतच कान साठीचा होतो.

गोंगाट जास्त आहे की नाही हे यंत्राशिवायही ओळखता येतं. हातभर अंतरावरच्या बाईशी बोलायला ओरडावं लागलं, तर तो आवाज कानाला घातक समजा. अशा ठिकाणी कानात घालायची बोंडुकं मिळतात, औषधाच्या दुकानात ती स्वस्तात मिळतात. कामावर ती मागून घ्या. नुसता कापूस कोंबून भागत नाही, त्याने आवाज फार कमी होत नाही. अधूनमधून यंत्रापासून दूर जाऊन कानाला विसावा द्या.

तुम्ही म्हणाल, रातकिडा ऐकू आला नाही तर काय बिघडलं? झोप तर चांगली लागेल! पण कान रातकिड्यापाशी थांबत नाही. आपल्या बोलण्यातले स, श, च, त, क हे आवाजही बारीक आणि उंच असतात. ते आधी निसटतात. मग कुणी बोलतंय हे ऐकू येतं, पण काय बोलतंय हे कळत नाही. 'साठ'मधला 'स' गेला की 'आठ' ऐकू येतं. बँकेत, रेशनच्या दुकानात, गटाच्या हिशेबात साठचं आठ झालं, तर केवढा घोळ होतो बघा. डॉक्टर गोळी सकाळी घ्यायला सांगतात, घरी आल्यावर ती संध्याकाळी घेतली जाते.

आणि घरात काय होतं? "आजी लक्षच देत नाही." "तिला मतलबाचं तेवढं ऐकू येतं." "भ्रम झाला." असं बोललं जातं, आणि बाई हळूहळू बोलणं सोडते. बैठकीला येणं सोडते. चारचौघींत बसून उगाच हसते, कारण काय चाललंय ते तिला कळत नसतं. आमच्या आजींनी त्या रात्री आम्हाला हेच सांगितलं. वर्षभरापासून बैठकीतलं निम्मं बोलणं त्यांना समजत नव्हतं. त्या नुसता अंगठा करत होत्या. "पुन्हा सांग म्हणायची लाज वाटे," त्या म्हणाल्या. मैत्रिणींनो, कर्जाच्या कागदावर ज्या बाईने न ऐकता अंगठा केला, तिची चूक किती आणि तिच्या शेजारी बसलेल्या आपली किती, हा प्रश्न आम्हाला त्या रात्री झोपू देईना.

म्हणून आमच्या गटाने एक साधी पद्धत ठरवली. तुम्हीही करून बघा. वारा नसलेल्या, फार थंडी नसलेल्या रात्री टीव्ही, पंखा, मोबाईल बंद करा. घरातली सगळ्यात मोठी बाई आणि सगळ्यात लहान बोलतं लेकरू यांना शेजारी शेजारी ओट्यावर बसवा. पाच मिनिटं ऐका. मग दोघांनाही विचारा, रातकिडा कुठे बोलतो, बोट दाखव. तीन रात्री असं करा.

लेकराने बोट दाखवलं आणि आजीला काहीच ऐकू आलं नाही, तर कान तपासायची वेळ झाली. हे काही डॉक्टरचं निदान नाही, पण दवाखान्यात जायला एवढं कारण पुरेसं आहे. आशाताईला सांगा आणि आरोग्य केंद्रात दाखवा. कधी नुसता मळ घट्ट बसलेला असतो, तो काढला की काम झालं. कधी कान वाहून पडद्याला भोक पडलेलं असतं, त्याला इलाज आहे. पुढच्या तपासणीसाठी सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात आणि सावंगी मेघेला आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात कान-नाक-घशाचा विभाग आहे. तिथे कानाला यंत्र लावून बारीक, जाड असे वेगवेगळे सूर ऐकवतात आणि कोणता सूर ऐकू येत नाही ते कागदावर काढून देतात. त्याला ऑडिओमेट्री म्हणतात. सुई नाही, दुखत नाही.

वयामुळे गेलेलं ऐकणं गोळीने परत येत नाही, पण कानाच्या मशीनने, म्हणजे श्रवणयंत्राने, बरंच काम भागतं. अपंगत्व असलेल्यांसाठी केंद्र सरकारची एडिप योजना आहे, आणि गरीब घरातल्या ६० वर्षांवरच्या लोकांसाठी २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. दोन्हींत श्रवणयंत्र मिळू शकतं. कागदपत्रं आणि शिबिराची तारीख ग्रामपंचायतीत किंवा जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारा. मशीन लावल्यावर पहिले काही दिवस भांड्यांचा आवाजही टोचतो. लगेच काढून डब्यात ठेवू नका, रोज थोडा वेळ लावून सवय होऊ द्या.

चार गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. कानात गरम तेल घालायचं नाही. पिन, काडी, चावी घालायची नाही. लेकराचा कान वाहत असेल तर "मोठं झालं की थांबेल" म्हणून सोडून द्यायचं नाही. आणि एखाद्या दिवशी एका कानाने एकाएकी ऐकू येईनासं झालं, तर वाट न पाहता लगेच डॉक्टरकडे जायचं, कारण त्यात उशीर झाला की इलाज अवघड होतो.

काही जणींचं उलट असतं. बाहेर सगळं शांत असतं, तरी त्यांच्या कानात दिवसरात्र रातकिडे बोलतात. शेजारची म्हणते, "कुठे काय? काहीच तर नाही." ती बाई वेडी नाही. कान कमजोर झाला की असा आवाज आतूनच ऐकू येऊ शकतो. तिलाही तपासणीला न्या.

आता दुसरी बाजू. तीन रात्री ऐकूनही लेकराला सुद्धा रातकिडे ऐकू आले नाहीत, तर आजी खरं बोलत होत्या. मग कान नाही, वावर तपासायचं. रातकिडा पडलेल्या पानांखाली, काळ्या मातीच्या भेगांत, धुऱ्यावरच्या गवतात राहतो. तो कोवळी रोपं कुरतडतो हे खरं, पण तणाचं बी आणि लहान किडेही खातो. त्याला खाऊन बेडूक आणि पाखरं जगतात. तुडतुडे, मावा, गुलाबी बोंडअळी असे पऱ्हाटीचं खरं नुकसान करणारे किडे आपल्या कानाला ऐकू येत नाहीत. आवाज करणाऱ्याला दोष देऊन फवारा मारला, तर तो चोर सोडून संन्याशाला मारण्यासारखा प्रकार होतो. फवारा उडवण्याआधी झाडं पाहा, किडे मोजा, कृषी विभागात विचारा. धुरा दर वर्षी पेटवू नका. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. जे औषध रातकिड्याला मारतं, ते हाताळणाऱ्या माणसालाही सोडत नाही.

आमच्या आजींचं पुढे काय झालं ते सांगतो आणि थांबतो. त्यांची तपासणी झाली. एका कानात मळ होता, तो निघाला. दोन्ही कानांचे उंच सूर वयाने गेलेले आहेत. मशीनसाठी अर्ज भरला आहे. तोपर्यंत गटाने नियम केला आहे, की आजींच्या समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोलायचं. ओरडायचं नाही. आकडा बोलला की बोटांनीही दाखवायचा. आणि कागद वाचून झाल्यावर त्यांनी स्वतःच्या तोंडाने काय कळलं ते सांगितल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही. हा नियम आता आम्ही सगळ्यांसाठीच ठेवला आहे, कारण ज्यांचे कान चांगले आहेत, त्यांनाही सगळं कळलेलं असतंच असं नाही, हे त्यातून ध्यानात आलं.

तर मैत्रिणींनो, आज रात्री ओट्यावर बसा. घरातल्या सगळ्यात मोठीला आणि सगळ्यात लहानाला सोबत घ्या. काय ऐकू आलं, कुणाला आलं, कुणाला नाही, ते वहीत लिहून पुढच्या बैठकीला आणा. आम्हीही आणू.